मानेअण्णांनी पुन्हा मांडलेली पूजा

मानेअण्णा कुठल्याही खोलीत शिरताना दोन्ही हात पाठीमागे बांधून शिरत. प्रयोगशाळेत तर शिरतच, पण लग्नाच्या मांडवात, भाजीच्या दुकानात, इतकंच काय, जयनगरला आमच्या नव्या घरी पहिल्यांदा आले तेव्हाही उंबऱ्याशी थबकले, हात मागे घेतले आणि मगच पाऊल आत टाकलं. माझ्या सासूबाई तेव्हा आमच्याकडे राहायला आल्या होत्या. त्यांना वाटलं, हे कुणी सरकारी साहेब घराची पाहणी करायला आलेत. त्यांनी घाईघाईने केरसुणी उचलून दाराआड ठेवली. अण्णांच्या ते लक्षात आलं असणारच, कारण त्यांच्या लक्षात सगळंच येई. पण ते काही बोलले नाहीत.

पुढे कधीतरी मी त्यांना या सवयीबद्दल छेडलं, तेव्हा म्हणाले, "हात मोकळा सोडला की तो कशाला तरी लागतोच बघा. मागं बांधला की मग डोळ्यांना काम करावं लागतंय."

डोळ्यांनी काम करणं हीच त्यांची नोकरी होती. बंगळूरच्या एका संशोधन संस्थेत किरणोत्सारी द्रव्यांवर काम करणारी एक छोटी प्रयोगशाळा होती. तिथल्या माणसांना त्या किरणांची इजा होऊ नये हे पाहणारे अधिकारी म्हणजे दौलतराव माने. सगळे त्यांना मानेअण्णा म्हणत. साठच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे दाखल झाले. मी साताऱ्याची, एम.एस्सी. पुण्याची, आणि लग्न झाल्यामुळे बंगळूरची. आमचे 'हे' तिथल्या एका सरकारी कारखान्यात इंजिनियर होते. नव्या गावात मला कानडीचं अक्षर कळत नव्हतं, बस कुठली पकडावी ते कळत नव्हतं, आणि तरीही आपण फार शहाणे आहोत असं वाटण्याचं माझं वय होतं.

पहिल्याच दिवशी मी प्रयोगशाळेच्या दारात पाऊल टाकणार, तोच आवाज आला, "बाई, स्वल्प थांबा."

मराठी ऐकून मी हरखलेच. म्हटलं, "तुम्ही मराठी?"

"आता काय सांगू? तीनशे वर्षं झाली येऊन. आमचे पूर्वज घोड्यांबरोबर आले, घोडे गेले, आम्ही राहिलो. भाषा थोडी सांडली वाटेत, पण उरली तेवढी मराठीच आहे की."

मग त्यांची नजर माझ्या हातांवर गेली. हातभर हिरव्या बांगड्या होत्या. लग्नाला फार दिवस झाले नव्हते. मला कुणकुण लागली आणि मी मनातल्या मनात भांडणाची तयारी केली. अण्णा म्हणाले, "बांगड्या काढा असं मी म्हणणार नाही. सुवासिनीला तसं म्हटलं तर माझी बायको मला घरात घेणार नाही. पण इथल्या द्रावणाचा एक थेंब बांगडीखाली गेला तर तो तुमच्याबरोबर घरी येईल, पोळ्या लाटील, सासूला वाढील. तेव्हा हे घाला." त्यांनी पुढे केल्या त्या जाड कापडाच्या दोन लांब बाह्या होत्या, दोन्ही टोकांना इलॅस्टिक घातलेल्या. त्यावर हातमोजे चढवले की बांगडी कुठे दिसायलाही उरत नव्हती. या बाह्या त्यांच्या पत्नीने, गंगाअक्कांनी, घरच्या मशिनवर शिवल्या होत्या. प्रयोगशाळेत पहिली बाई येणार हे कळल्याबरोबर अण्णांनी त्या शिवून घेतल्या होत्या. मी भांडण गुंडाळून ठेवलं.

तरुण संशोधक त्यांना पाठीमागे 'सोवळेअण्णा' म्हणत. इथे डबा ठेवू नका, त्या बाकाला टेकू नका, हात धुतले का, पुन्हा धुवा, आता किरण मोजायच्या काउंटरखाली धरा, असा त्यांचा दिवसभर जप चाले. हे नाव कधीतरी त्यांच्या कानावर गेलंच. रागावतील असं वाटलं होतं, पण ते चांगलेच हसले. "आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कुणी सोवळं नेसलं नाही, मटण खाणारी माणसं आम्ही. आणि सोवळ्यानं काय होतंय, तर मनाचं समाधान. मला समाधान नको, मला आकडा पाहिजे." 'आकडा पाहिजे' हे तर त्यांचं पालुपदच होतं. कुणी म्हणालं, "काही नाही हो अण्णा, थोडंसंच सांडलं," की ते काउंटर घेऊन हजर. थोडंसं म्हणजे किती, हे त्या टकटक करणाऱ्या यंत्राने सांगितल्याशिवाय त्यांना पटत नसे.

आमचे प्रोफेसरसाहेब मोठे विद्वान, म्हैसूरकडचे, कपाळाला गंध लावून येणारे आणि प्रयोगशाळेत इंग्रजीखेरीज शब्द न उच्चारणारे. त्यांचं सगळं उत्तम होतं, फक्त घाई फार. किरणोत्सारी द्रावण काचेच्या नळीत ओढून घ्यायला ते सरळ नळीला तोंड लावत. परदेशातही लोक असंच करतात म्हणत. अण्णांनी चारचौघांत त्यांना कधी टोकलं नाही. एके दिवशी दुपारी कॉफीला जाताना एवढंच म्हणाले, "सर, तुमचा रुमाल मिनिटभर देता?" प्रोफेसरांनी नुकतंच त्या रुमालाने तोंड पुसलं होतं. अण्णांनी तो काउंटरखाली धरला, आणि पत्र्यावर गारा पडाव्यात तसं यंत्र वाजू लागलं. अण्णा म्हणाले, "रुमाल माझ्याकडे राहू दे. कॉफी गार होईल, चला." पुढच्या आठवड्यात प्रत्येक नळीला रबरी फुगा आला. त्या प्रसंगाची वाच्यता अण्णांनी कुठे केली नाही. मी तिथे उभी होते म्हणून मला ठाऊक.

आता त्या बॅजबद्दल सांगायला हवं. आम्हा प्रत्येकाला छातीवर लावायला एक बॅज असे. त्यात फोटोच्या फिल्मचा छोटा तुकडा. अंगावर जितके किरण पडतील तितकी ती फिल्म काळी पडे. महिन्याच्या शेवटी सगळ्या फिल्मा मुंबईच्या कचेरीकडे जात आणि कुणाला किती किरण लागले ते तिथून कळवलं जाई. काम संपलं की बॅज दाराशेजारी टांगलेल्या लाकडी फळीवर आपापल्या खिळ्याला अडकवून घरी जायचं, अशी पद्धत. म्हणजे बॅज हा आमच्या अंगाचा साक्षीदार. अण्णा म्हणत, "तुम्ही विसराल, मी विसरीन, हा विसरत नाही."

एका वर्षी दसऱ्याला अण्णा सुटीवर गेले. त्यांच्या घराण्यात एक जुनी तलवार आहे, खंडेनवमीला सगळे भाऊबंद गावी जमून तिची पूजा करतात. मीही त्या दिवशी प्रयोगशाळेत नव्हते. मला दिवस गेले होते. सकाळपासून पोटात पाणी ठरत नव्हतं. ही गोष्ट घरात ह्यांना आणि सासूबाईंना सोडून कुणाला ठाऊक नव्हती. प्रयोगशाळेत मी मुद्दामच सांगितलं नव्हतं, कारण सांगितलं की माझं काम त्याच दिवशी बंद होणार हे मला पक्कं ठाऊक होतं. लग्नानंतर पुन्हा अभ्यासाला लागायला मी घरात किती डोकेफोड केली होती! आणखी थोडे दिवस, हा एक प्रयोग पुरा होऊ दे, असं मी स्वतःलाच समजावत होते.

बंगळूरला आयुधपूजा म्हणजे काय, हे तिथे राहिल्याशिवाय कळायचं नाही. बस, रिक्षा, गिरणी, छापखाना, शिवणाचं मशीन, ज्याच्यावर पोट चालतं ते सगळं धुऊन पुसून त्याला गंधफूल वाहायचं. केळीचे खांब बांधायचे, कुंकू माखलेला कोहळा दारात फोडायचा, आणि पूजेला बसवलेलं आयुध दसरा उलटेपर्यंत हलवायचं नाही. आमच्या प्रयोगशाळेतही दर वर्षी हा सोहळा होई. पंपांना शेवंतीच्या माळा, काउंटरला कुंकवाचा टिळा, शेवटी चुरमुरे आणि केसरीभात. त्यावर अण्णांचा एकच कटाक्ष असे, प्रसाद बाहेर झाडाखाली वाटायचा. त्या वर्षी तो कटाक्ष ठेवायला ते नव्हते.

सुटी संपली, माळा सुकल्या, सगळे कामाला लागले. महिनाअखेरीला फिल्मा मुंबईला गेल्या. आणि काही दिवसांनी तिथून तारच आली. आमच्या प्रयोगशाळेतल्या सगळ्याच्या सगळ्या फिल्मा वाजवीपेक्षा कितीतरी जास्त काळ्या पडल्या होत्या. काम ताबडतोब थांबवा, चौकशी करा.

प्रोफेसरांनी तार वाचून दाखवली. बाकीचे आपापसात कुजबुजत होते. माझ्या डोक्यात एकच विचार, माझं बाळ. त्यातून मला आठवली ती भादव्यातली दुपार, त्याच फिल्मच्या महिन्यातली. मागच्या खोलीत शिशाच्या जाड भांड्यात कोबाल्टचा किरणोत्सारी तुकडा ठेवलेला असे. त्या दुपारी प्रोफेसरांनी घाईत त्या भांड्याचं झाकण नीट बसवलं नव्हतं, आणि मी तिथेच भिंतीशी उभी राहून यंत्रावरचे आकडे टिपत होते. लक्षात आल्यावर झाकण बसवलं, आणि आम्ही दोघांनीही तो विषय सोडून दिला.

अण्णांनी तार दोनदा वाचली. मग ते फळीपाशी गेले आणि हात मागे बांधून बराच वेळ तिच्याकडे बघत राहिले. "रामय्याची पण फिल्म काळी?" त्यांनी विचारलं. रामय्या आमचा काच फुंकणारा कारागीर. तो महिनाभर आजारपणाच्या रजेवर होता. त्याचा बॅज खिळ्यावरच लटकत होता. "मग माणसांना काही झालं नाही, फळीला झालं. ही फळी कुठंतरी जाऊन आली. कुठं गेली होती?"

ते चित्र मला अजून आठवतं. खाली घातलेल्या माना, आणि प्रोफेसर खिडकीबाहेर पाहताहेत.

अण्णांनी पुन्हा विचारलं नाही. संध्याकाळी मी घरी निघाले तेव्हा ते फाटकाजवळच्या पर्जन्यवृक्षाखाली उभे होते. मला म्हणाले, "बाई, तुम्ही हल्ली कॉफी सोडली. बाह्या चढवताना खुर्चीवर बसता. मी विचारायला नको, पण माझं कामच तसं आहे. मी एकट्या तुमचा हिशेब मांडू, का दोघांचा?"

दिवसभर आवरून धरलेलं रडू तिथे भर रस्त्यात फुटलं. मी सगळं सांगितलं. दिवस गेल्याचं, भादव्यातल्या दुपारचं, अर्धवट झाकणाचं. अण्णा ऐकत होते. मधे एकदाही "काळजी करू नका" म्हणाले नाहीत, आणि त्याचा मला तेव्हा फार राग आला. शेवटी म्हणाले, "आजपासून तुमचं आतलं काम बंद. यात घासाघीस नाही. पण प्रयोगाची गणितं तुम्ही बाहेर बसून करायची, ते मी प्रोफेसरांशी बोलतो. आता दुसरं. मला दोन उत्तरं काढायची आहेत. फळी कुठं गेली होती हे एक. आणि तुम्हाला खरंच किती लागलं, हे दुसरं. पहिलं कळलं म्हणून दुसरं कळत नाही. फिल्म खोटी ठरली म्हणजे तुम्ही सुखरूप ठरत नाही, ध्यानात आलं काय? दोन्ही हातात येईतो मी तुम्हाला 'काही नाही' म्हणणार नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा प्रयोगशाळेत आले ते शेवंतीच्या माळा, कुंकू, केळीचे खांब आणि एक भलामोठा कोहळा घेऊन. सगळ्यांना बोलावलं. दसरा उलटून गेलेला, आणि हे काय? आम्ही तोंडाकडे पाहत राहिलो. ते म्हणाले, "मी या वर्षी पूजेला नव्हतो. माझी चुकली. तर आज आपण ती पुन्हा मांडू. जशी त्या दिवशी मांडली होती तशीच. कुणी काय ठेवलं, कुठं ठेवलं, अगदी तसंच. मला कुणाचं नाव नको. मी फक्त दारात उभा राहून बघतो."

आणि खरोखरच ते दारात उभे राहिले. मी त्यांच्यामागे बाहेर होते. सुरुवातीला कुणी हलेना. मग एकाने आपल्या आकडेमोडीच्या पट्टीचा, म्हणजे स्लाइड-रूलचा, डबा आणून ठेवला, दुसऱ्याने पाना आणि स्क्रू-ड्रायव्हर. पंपाला माळ पडली. मागच्या खोलीतलं शिशाचं भांडं मध्यभागी होतं, त्याला गंध लागलं, फुलं चढली. पूजा हळूहळू भरत गेली आणि शेवटी थांबली. सगळे थांबले. भांड्याच्या सपाट झाकणावर फळीएवढीच जागा रिकामी राहिली होती, आणि तिच्याकडे पाहायचं टाळण्यासाठी जो तो दुसरीकडे पाहत होता. आमचा मदतनीस मुनिस्वामी डोळे पुसत फळीच्या दिशेने निघाला.

"थांब," प्रोफेसर म्हणाले. मग ते स्वतः गेले, दारापाशी अण्णांच्या अगदी समोर आले, खिळ्यावरून फळी उतरवली आणि नेऊन शिशाच्या भांड्यावर ठेवली. म्हणाले, "मी ठेवली होती. हे बॅज आपलं रक्षण करतात, म्हणून म्हटलं त्यांनाही कुंकू लागू दे. तप्पायतु, मानेअण्णा." चूक झाली, असं त्यांनी कानडीत सांगितलं. त्या खोलीत त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं कानडी. पूजेला लागलेली फळी हलवायची नाही, म्हणून दसरा आणि त्याला लागून आलेला रविवार, एवढा सगळा काळ आमचे साक्षीदार कोबाल्टच्या डोक्यावर फुलं घालून बसले होते. प्रोफेसरांना हे तार वाचतानाच उमगलं होतं. पण मुंबईच्या कचेरीत आपलं हसं होईल, या धास्तीने त्यांची जीभ उचलली नाही, आणि त्यांनी तोंड उघडलं नाही म्हणून बाकीच्यांनीही नाही.

कुणी दुसरा असता तर त्याने त्या क्षणी प्रोफेसरांना चार शब्द सुनावले असते. मला तर सुनावायचे होतेच. मी रात्रभर ज्या यातना भोगल्या त्या त्यांना ओरडून सांगाव्यात असं वाटत होतं. अण्णा म्हणाले, "सरी, बरं. आता हे असंच राहू दे. त्या वेळी होतं तेवढाच वेळ. नव्या फिल्मा तेवढ्याच काळ्या पडतात का बघू." त्यांनी बॅजमध्ये नव्या फिल्मा घातल्या, फळी पुन्हा भांड्यावर ठेवली, आणि खोलीला कुलूप लावून किल्ली खिशात टाकली. कोहळा मात्र फोडू दिला नाही; तो गंगाअक्कांनी आमटीत घातला.

त्या नव्या फिल्मा मुंबईला जाण्याआधी दुसरं उत्तर काढायचं होतं. भादव्यातल्या त्या दुपारी आणि त्याआधीच्या आठवड्यांत मी जे जे केलं, ते ते अण्णांनी मला बाहेरच्या खोलीत रिकाम्या बाटल्यांनी करून दाखवायला लावलं. कुठे उभ्या होता, किती वेळ, तोंड कुणीकडे. मग मला घरी बसवून, मी दाखवलेल्या प्रत्येक जागी खऱ्या द्रव्यासमोर, अर्धवट झाकणासमोर मीटर धरून मोजणी केली. पण मीटर नेमका कुठल्या उंचीवर धरायचा? माझ्या पोटाच्या. ते माप माझ्या अंगाशी येऊन घेणं त्यांना प्रशस्त वाटेना, म्हणून त्यांनी गंगाअक्कांना आणलं. अक्का शिवणाचा टेप घेऊन माझ्याजवळ उभ्या राहिल्या आणि अण्णा खोलीच्या दुसऱ्या टोकाला भिंतीकडे तोंड करून.

"आकडा सांग ग," ते भिंतीला म्हणाले.

"सांगते की. पोरीला आधी नीट उभं तर राहू दे," अक्का म्हणाल्या आणि त्यांनी माझ्या पाठीवरून हात फिरवला. मला आईची आठवण आली.

आठवडाभराने अण्णा फिल्मा घेऊन मुंबईला गेले. पोस्टावर त्यांचा विश्वास नव्हता. पितळी डब्यात फिल्मा, डबा मांडीवर, असे बसून गेले म्हणे. ते परत येईपर्यंतचे दिवस मी कसे काढले ते माझं मलाच ठाऊक. सासूबाई सारखं काहीतरी खायला पुढे करीत आणि हे कारखान्यातून येऊन नुसते माझ्याकडे बघत बसत.

मग एके सकाळी आमच्या दारात जटका थांबला. घोडागाडीतून अण्णा उतरले, हातात वळकटी, अंगावर प्रवासाचे चुरगळलेले कपडे. स्टेशनवरून स्वतःच्या घरी न जाता थेट आमच्याकडे आले होते. फाटकातूनच म्हणाले, "जुळलं, बाई! सगळ्या तेवढ्याच काळ्या. जुन्या आणि नव्या शेजारी शेजारी ठेवून मी स्वतः पाहिल्या. आणि मीटरचं गणित तिथल्या मोठ्या साहेबांनी तपासलं. तुम्हाला लागलं ते इतकं थोडं, की त्याची भीती बाळगायची नाही. दोन्ही उत्तरं आली. आता म्हणतो, काही नाही. दोघांनाही काही नाही."

मी तिथेच पायरीवर बसले. ह्यांनी, एरवी चारचौघांत माझ्याकडे पाहायलाही लाजणाऱ्या माणसाने, माझ्या खांद्यावर हात ठेवला. सासूबाई आत देवापुढे साखर ठेवायला गेल्या आणि येताना सगळी वाटीच घेऊन आल्या. इतकं हलकं मला आयुष्यात पुन्हा क्वचितच वाटलं असेल. अण्णांनी दोन कप कॉफी घेतली, साखर मागून घेतली, आणि जटकेवाला ओरडायला लागल्यावर गेले.

अहवालात काय लिहायचं, यावर पुढे बरीच चर्चा झाली. कुणीतरी सुचवलं, की फळी चुकून कोबाल्टजवळ राहिली एवढंच लिहावं, पूजेचा उल्लेख कशाला? अण्णा म्हणाले, "चुकून राहिली असं लिहिलं तर पुढच्या दसऱ्याला पुन्हा चुकून राहील." प्रोफेसरांनीच मग पूजेसकट सगळं लिहा म्हणून सांगितलं. खाली अण्णांनी स्वतःची चूकही नोंदवली, की फळी उचलून नेता येईल अशी ठेवली हा आपला हलगर्जीपणा. दुसऱ्याच दिवशी त्यांनी सुतार बोलावून ती भिंतीत पक्की बसवून घेतली. मुंबईची माणसं हसली नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, की तुमच्याकडे दसऱ्याला आणखी कशाकशाची पूजा होते, ते कळवा.

अण्णांनी पूजा बंद केली नाही. लोकांना वाटलं होतं, आता ते फर्मान काढणार. पण पुढच्या वर्षी पूजा बाहेर झाडाखाली मांडली गेली, शिशाचं एक रिकामं भांडं मधोमध ठेवून. बॅज सगळ्यांच्या छातीवर आणि कुंकू कपाळावर. "देवीला बॅज नको," अण्णा म्हणाले, "बॅज लावलेला माणूस पाहिजे." त्या दिवशी पहिलं फूल प्रोफेसरांनी वाहिलं.

माझी मुलगी त्याआधीच, उन्हाळ्यात झाली. धडधाकट, जावळ दाट, आणि आवाज असा की सगळा वॉर्ड जागा. तिसऱ्या दिवशी गंगाअक्का आणि अण्णा बघायला आले. अक्कांनी होळिगे आणले होते. आपण पुरणपोळी म्हणतो तेच, पण अक्कांपुढे असं म्हणायची सोय नव्हती. अण्णा बाळाच्या पाळण्याशी वाकून बघत राहिले. पाय पाहिले, कान पाहिले, ती रडायला लागली तेव्हा मान डोलावली. मग काही न बोलता बाहेर व्हरांड्यातल्या बाकावर जाऊन बसले.

मी म्हटलं, "अक्का, अण्णा बोलले का नाहीत? नाराज आहेत का?"

अक्का हलक्या आवाजात म्हणाल्या, "नाराज कशाला ग? मुंबईहून आल्यापासून हा माणूस रोज पहाटे उठून बसतोय. तेच गणित पुन्हा मांडतोय. मी म्हटलं, अहो, मोठ्या साहेबांनी बघितलंय की. तर म्हणतात, साहेबानं गणित बघितलं, पण मीटर कुठं धरायचा ते मी ठरवलं होतं. मीच चुकलो असेन तर? तुला सांगू नको म्हणाले होते. आता मुलगी झाली, आता सांगायला काय."

आमच्या फाटकात उभं राहून एवढ्या ठामपणे 'काही नाही' म्हणणारा हा माणूस सहा महिने आमच्या वाटणीची भीती स्वतःजवळ बाळगून होता, आणि आम्ही इकडे निर्धास्तपणे बारशाची नावं शोधत होतो. मी अक्कांना म्हटलं, मला त्यांच्याशी बोलायचंय, त्यांना आत बोलवा.

अक्का बाहेर गेल्या आणि लगेच परत आल्या. तोंडावर पदर धरून हसत होत्या. मी अंथरुणातून जरा उठून दारातून पाहिलं. अण्णा बाकावर बसल्याबसल्या झोपले होते. मान भिंतीला टेकलेली, तोंड किंचित उघडं, आणि चांगलं मोठ्याने घोरत होते. आत बाळ रडत होतं, बाहेर आयांची भांडी वाजत होती, भेटायला आलेली माणसं त्यांच्या पायांना ठेचकाळत होती. त्यांना कशानेच जाग येत नव्हती.

भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली. आया तणतणत त्यांना उठवायला आली, तेव्हा अक्कांनी तिला हात धरून थांबवलं आणि कानडीत म्हणाल्या, "असू दे बाई. आज झोप लागली आहे त्यांना."